संमोहन, विरोध आणि सोंग : एका निरीक्षण-पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

३ जून

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि समुपदेशनाच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी संमोहनावरील निरीक्षण-पुस्तिका तयार करण्याचे काम आज सुरू झाले. समोरची व्यक्ती संमोहित आहे हे कशावरून ओळखावे, ज्याला संमोहित व्हायचे नाही त्याने काय करावे आणि संमोहित नसताना तसे भासवणाऱ्याला कसे पारखावे, या तीन प्रश्नांभोवती पुस्तिका राहील. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून तिन्ही भाग एकाच वेळी लिहायचे ठरले.

पहिले काम म्हणून प्रशिक्षणात सांगितल्या जाणाऱ्या बाह्य लक्षणांची यादी केली: पापण्यांची फडफड, श्वासाची संथ लय, चेहऱ्याचे स्नायू सैल पडणे, उशिरा आणि थोडक्यात येणारे उत्तर, हात वर उचलला जाताना त्यात दिसणारे बारीक हिसके. प्रत्येक लक्षणासमोर दोन प्रश्न लिहिले. हे मुद्दाम करता येते का? आणि संमोहनाशिवाय एरवीही दिसते का? यादीतील एकही लक्षण या दोन्ही प्रश्नांतून सुटले नाही. पापण्या कोणालाही फडफडवता येतात, आणि शांतपणे डोळे मिटून बसलेल्या माणसाचा श्वास आपोआपच संथ होतो. ही यादी पुस्तिकेत राहील, परंतु ‘ओळख’ या शीर्षकाखाली नाही. तिचे शीर्षक ‘काय नोंदवावे’ असे असेल.

६ जून

इतिहासाचे प्रकरण दोन पानांत आटोपायचे होते, पण त्यातील दोन प्रसंग सविस्तर देण्यासारखे आहेत.

पहिला १७८४ सालचा. शरीरांतून वाहणाऱ्या अदृश्य चुंबकीय द्रव्याने रोग बरे करता येतात, या मेस्मर नावाच्या वैद्याच्या ‘प्राणी-चुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए होते. मेस्मरचा शिष्य देस्लों याने फ्रँकलिनच्या बागेतील जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले. मग देस्लोंनेच निवडलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक चार झाडांशी नेण्यात आले. त्यांपैकी एकही झाड चुंबकित नव्हते. मुलाला पहिल्याच झाडापाशी घाम आणि खोकला सुटला आणि चौथ्या झाडापाशी त्याची शुद्ध हरपून हातपाय ताठ झाले. परिणाम कल्पनेचा आहे, द्रव्याचा नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

दुसरा प्रसंग १८३८ सालचा, लंडनमधला. डॉक्टर जॉन इलियटसन हे एलिझाबेथ ओकी या तरुणीवर चुंबकित धातूंचे प्रयोग दाखवीत असत. निकेलमध्ये चुंबकत्व टिकते, शिशात टिकत नाही, असा त्यांचा दावा होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक टॉमस वेकली यांनी निकेल गुपचूप बाजूला काढून तिला शिसे लावले आणि ‘निकेल फार जोराने लावू नका’ असे तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात कुजबुजायला एकाला सांगून ठेवले. तिला झटके आले. वेकलींनी हा प्रकार लबाडीचा ठरवला.

दोन्ही परीक्षांची घडण एकच आहे. एकीतून ‘कल्पना’ हा निष्कर्ष निघाला आणि दुसरीतून ‘लबाडी’. माझ्या मते परीक्षेने दोन्ही ठिकाणी एवढेच सिद्ध झाले की झाड किंवा धातू हे कारण नव्हते. मुलगा आणि ती तरुणी यांना आतून काय जाणवत होते, हा प्रश्न परीक्षेने विचारलाच नव्हता. कारण खोटे ठरले म्हणजे अनुभव खोटा ठरला, ही उडी आजही सर्रास घेतली जाते, आणि ती थांबवणे हे या पुस्तिकेचे एक मोठे काम आहे.

११ जून

आजचा दिवस अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांच्या १९५९ सालच्या कामावर गेला. सोंगाचा विषय वादाच्या पातळीवरून प्रयोगाच्या पातळीवर आणण्याचे श्रेय मी त्यांना देतो.

त्यांचा एक प्रयोग विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगावा असा आहे. एका वर्गाला संमोहनावर व्याख्यान आणि प्रात्यक्षिक देताना त्यांनी असे दाखवले की संमोहित माणसाचा फक्त सवयीचा, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा, हात ठेवाल तसा ताठ राहतो. हे लक्षण त्यांनी स्वतः रचलेले होते. दुसऱ्या वर्गाला तेच व्याख्यान या भागाशिवाय दिले. पुढे दोन्ही वर्गांतील विद्यार्थ्यांना संमोहित केले तेव्हा पहिल्या वर्गातील अनेकांच्या बाबतीत ते रचलेले लक्षण उमटले, दुसऱ्या वर्गात ते दिसले नाही. त्या विद्यार्थ्यांनी फसवले असे म्हणता येत नाही. संमोहित माणूस कसा वागतो याविषयी जे मनात होते ते त्यांच्या देहातून प्रकट झाले. म्हणूनच कोणाचेही निरीक्षण करण्यापूर्वी त्या व्यक्तीने संमोहनाविषयी काय ऐकले आहे आणि काय पाहिले आहे, हे विचारून लिहून ठेवण्याचा रकाना आमच्या तक्त्यात पहिला असेल.

ऑर्न यांची दुसरी देणगी म्हणजे खरे संमोहित आणि सोंग करणारे यांची तुलना. ज्यांच्यावर संमोहनाचा जवळजवळ परिणाम होत नाही अशा व्यक्ती निवडून त्यांना सांगितले जाते की तुम्ही संमोहित असल्याचे सोंग करायचे आहे. संमोहनकर्त्याला काही जण सोंग करतील हे माहीत आहे, पण कोण ते माहीत नाही. त्याने तुम्हाला पकडले तर तो तिथेच सत्र थांबवील, म्हणजे सत्र चालू आहे तोवर तुमचे सोंग वठते आहे असे समजा. कसे वागावे हे मात्र सांगितले जात नाही. ते ज्याचे त्याने ताडायचे असते. अनुभवी संमोहनकर्तेही या सोंगाला फसतात.

यातून मिळणारा निष्कर्ष नीट तोलून लिहावा लागेल. एखादी कृती सोंग करणाऱ्यांनाही साधत असेल, तर ती कृती संमोहनाचा पुरावा होऊ शकत नाही. पण त्यावरून संमोहित गटही सोंगच करीत होता, असे मात्र सिद्ध होत नाही. ऑर्न आणि त्यांचे सहकारी एव्हान्स यांच्या १९६५ सालच्या प्रयोगात विषारी साप हाताने उचलणे आणि सहायकाच्या अंगावर आम्ल फेकणे अशा कृती सांगण्यात आल्या. दोन्हींत कोणाला इजा होणार नाही अशी गुप्त व्यवस्था होती. संमोहित व्यक्तींनी त्या केल्या, आणि सोंग करणाऱ्यांनीही केल्या. प्रयोगशाळेत आपल्याला खरी इजा होऊ दिली जाणार नाही, हा विश्वास सर्वांनाच होता. ‘संमोहनाने माणसाकडून काहीही करून घेता येते’ या समजुतीला आधार म्हणून असे प्रयोग पुढे केले जातात, तेव्हा सोंग करणाऱ्या गटाचा उल्लेख हटकून गळतो.

१२ जून

सराव-सत्रांची संमतिपत्रे आज पक्की केली. ज्यांना पूर्वी मनोविकृतीचा त्रास झाला आहे अशांना घ्यायचे नाही, भूतकाळात नेण्याच्या सूचना द्यायच्या नाहीत, आणि दिलेली प्रत्येक सूचना सत्र संपण्यापूर्वी नाव घेऊन मागे घ्यायची. आणखी एक अट मी आग्रहाने घातली: सत्र कोणत्याही क्षणी सोडता येईल, आणि सोडणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही.

१९ जून

स्वयंसेवकांबरोबर पहिले सराव-सत्र झाले. काहींना सोंग करण्यास सांगितले होते, काहींना केवळ सूचनेकडे लक्ष देण्यास. निरीक्षक विद्यार्थ्यांना कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नव्हते.

हात जड होण्याची सूचना हे सर्वांत सोपे सूत्र, आणि आज सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते त्यातूनच. सोंग करणाऱ्या एका तरुणाने पहिल्या वाक्यालाच हात खाली आणला, तोही दगड पडावा तसा. ज्या मुलीने नुसते ऐकले होते तिचा हात बराच वेळ जागचा हलला नाही, मग थोडा उतरला, थांबला, आणखी उतरला. मनगट आधी झुकले, कोपर नंतर. मांडीला टेकण्याआधी तिने डोळे किंचित उघडून स्वतःच्या हाताकडे पाहिले. नंतर तिने सांगितले की हात उतरतो आहे हे तिला कळत होते, पण तो आपण उतरवतो आहोत असे वाटत नव्हते. संमोहनाच्या अभ्यासात सर्वांत महत्त्वाचे म्हणतात ते हेच, ‘आपोआप घडत असल्याची’ जाणीव. बाहेरून ती दिसत नाही. ती विचारावी लागते.

परंतु दुसऱ्या एका सोंग करणारीचा हातही असाच टप्प्याटप्प्याने उतरला. तिने आधी पाहून ठेवले होते. निरीक्षकांपैकी ज्यांना आपल्या अंदाजाची सर्वाधिक खात्री होती त्यांनी तिला निःशंकपणे ‘खरी संमोहित’ ठरवले. सोंग बहुधा अतिरेकाने उघडे पडते हे खरे, पण ज्याचे सोंग अतिरेकी नाही त्याला या नियमाने पकडता येत नाही.

२४ जून

आपल्याकडे म्हण आहे की झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही. संमोहनाच्या बाबतीत एव्हान्स आणि ऑर्न यांच्या १९७१ सालच्या प्रयोगात नेमके उलट दिसले. सूचना ध्वनिमुद्रणावरून दिल्या जात होत्या आणि मध्येच वीज गेल्याचा देखावा करून संमोहनकर्ता खोलीबाहेर गेला. आपल्यावर कोणाची नजर नाही असे वाटताच सोंग करणारे लगेच डोळे उघडून नेहमीसारखे बसले आणि तो परतताच पुन्हा संमोहित झाले. खरे संमोहितही स्वतःहून बाहेर आले, पण सावकाश, वेळ घेत.

या प्रयोगातून दोन गोष्टी मिळतात. सोंग प्रेक्षकांवर जगते, म्हणून परीक्षा प्रेक्षक नसताना घ्यावी. आणि संमोहनकर्ता निघून गेला तरी कोणी संमोहनात ‘अडकून’ राहत नाही, ही भीती बाळगणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

याच धर्तीचा १९६८ सालचा प्रयोग सत्र संपल्यानंतर पाळायच्या सूचनेचा आहे: ‘प्रयोग’ हा शब्द ऐकला की कपाळाला हात लावायचा. संमोहनकर्त्यासमोर सोंग करणारे हे चोख करीत होते. बाहेर स्वागतकक्षातील सचिवाने सहज बोलताना तो शब्द उच्चारला तेव्हा मात्र खऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे हात क्वचितच उचलले गेले.

ज्यावर इच्छेचा ताबा चालत नाही अशा मोजमापांचा भाग पुस्तिकेत थोडक्यात ठेवतो आहे. १९९४ साली किन्युनेन आणि सहकाऱ्यांनी खोटे बोलताना बहुधा वाढणाऱ्या त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून पाहिले तेव्हा संमोहित व्यक्तींनी आपल्या अनुभवांविषयी दिलेली बहुतांश उत्तरे खरी असल्याचे संकेत मिळाले, सोंग करणाऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. २००२ साली आमिर राझ आणि सहकाऱ्यांनी रंगांच्या नावांची प्रसिद्ध चाचणी वापरली, ज्यात निळ्या शाईत ‘लाल’ लिहिलेले असते आणि शाईचा रंग सांगायचा असतो. अक्षरे निरर्थक दिसतील अशी सूचना मिळालेल्या अतिसूचनाक्षम, म्हणजे सूचनांना सहज प्रतिसाद देणाऱ्या, व्यक्तींचा नेहमीचा अडखळा जवळजवळ नाहीसा झाला. सोंग करणारा मुद्दाम मंद होऊ शकतो, पण मुद्दाम इतका वेगवान होणे अवघड असते. म्हणून ही परीक्षा मला मोलाची वाटते. डोळे तिरपे करून अक्षरे धूसर करण्याची वाट तेवढी बंद ठेवावी लागते. २००६ साली त्याच गटाने दाखवले की संमोहनाची विधिवत सुरुवात न करता दिलेली सूचनाही हा अडखळा कमी करते. तेव्हा ही परीक्षा सूचनेचा परिणाम पकडते. ‘तंद्री’ नावाची वेगळी अवस्था तिच्यातून सिद्ध होत नाही.

३० जून

‘तंद्रीतील तर्क’, म्हणजे संमोहनात विसंगती न खटकणे, हे प्रकरण ठेवावे की गाळावे यावर सहकाऱ्यांशी दीर्घ चर्चा झाली. ऑर्न यांच्या निरीक्षणानुसार खोलीत नसलेली व्यक्ती खुर्चीत बसली आहे असे सुचवल्यानंतर तीच व्यक्ती प्रत्यक्ष समोर आणली, तर संमोहित माणूस दोन्ही शांतपणे स्वीकारतो, आणि खुर्चीतल्या व्यक्तीच्या आरपार खुर्चीची पाठ दिसते असेही सांगतो. सोंग करणाऱ्याला मात्र विसंगती मिटवण्याची घाई होते.

याचा गाजलेला उपयोग अमेरिकेतील केनेथ बियांची या खुन्याच्या प्रकरणात १९७९ साली झाला. संमोहनात आपल्यातून ‘स्टीव्ह’ नावाचे दुसरे व्यक्तिमत्त्व प्रकटते असे त्याने भासवले होते आणि काही तज्ज्ञांना ते पटलेही होते. ऑर्न यांनी त्याचा वकील समोर बसल्याची सूचना देताच बियांचीने त्या काल्पनिक वकिलाशी हस्तांदोलन केले. खरा वकील आत आल्यावर एकच माणूस दोन ठिकाणी कसा, असा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला. बहुविध व्यक्तिमत्त्वाच्या रुग्णांत सहसा दोनापेक्षा जास्त व्यक्तिमत्त्वे असतात असे ऑर्न यांनी त्याच्या कानावर घातल्यावर ‘बिली’ नावाचे तिसरेही हजर झाले. तपासात ‘स्टीव्ह वॉकर’ हे एका खऱ्या माणसाचे नाव निघाले, ज्याची शैक्षणिक कागदपत्रे बियांचीने फसवून मिळवली होती. त्याने पुढे गुन्हा कबूल केला.

प्रकरण पुस्तिकेत राहील, पण त्याला एक ठळक सूचना जोडली आहे. पुढच्या अभ्यासकांना तंद्रीतील तर्काची लक्षणे खऱ्या संमोहितांत सर्रास आणि सोंग करणाऱ्यांत दुर्मीळ असतात हे प्रत्येक वेळी आढळले नाही. कित्येक खरे संमोहितही हे लक्षण दाखवीत नाहीत. बियांचीला पकडले ते अनेक स्वतंत्र धाग्यांनी. हस्तांदोलनासारख्या एका हालचालीवरून कोणा सामान्य माणसावर ढोंगाचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल.

७ जुलै

विरोधाचा भाग. यासाठी मी सर्वाधिक वेळ राखून ठेवला आहे, कारण मदत मागायला येणाऱ्यांच्या मनातील भीती याच प्रश्नाभोवती असते.

प्रमाणित मोजपट्ट्यांवर, उदाहरणार्थ १९५९ आणि १९६२ साली वाइट्झेनहॉफर व हिल्गार्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या स्टॅनफर्ड मोजपट्ट्यांवर, साधारण १० ते १५ टक्के लोक अतिशय प्रतिसादी ठरतात, जवळपास तितकेच जवळजवळ निष्प्रतिसादी आणि उरलेले मधले. हा गुण टिकाऊ आहे. एका अभ्यासात २५ वर्षांनंतरच्या आणि पहिल्या गुणांत ०.७१ इतका सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) मिळाला. म्हणजे अनेकांना विरोधासाठी काही करावेच लागत नाही. इतरांसाठीही सहकार्य न करणे पुरते: डोळे उघडे ठेवावेत, सांगितलेली प्रतिमा मनात न रंगवता खोलीतील वस्तूंकडे लक्ष द्यावे, प्रश्न विचारावेत, ‘मला हे नको आहे’ असे मोठ्याने म्हणावे, उठून जावे. ‘मी ऐकणार नाही, ऐकणार नाही’ असे मनात घोकत डोळे मिटून बसणे हा मात्र विरोधाचा वाईट मार्ग आहे, कारण त्यात सारे लक्ष त्या आवाजाशीच बांधलेले राहते.

ज्याला सूचना लागू पडली आहे त्याला ती मोडता येते का? हात ताठ झाल्याच्या सूचनेत काय घडते ते जवळून पाहिल्यास उत्तर मिळते. ‘हात वाकवून पाहा, वाकणार नाही’ असे म्हटल्यावर माणूस दंडाचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळतो. दोन्ही बाजूंचा जोर त्याचाच असतो, म्हणून हात थरथरतो पण वाकत नाही. बोट ठेवून पाहिले तर दोन्ही स्नायू कडक लागतात. अशा वेळी जोर वाढवल्याने अडकल्याची भावना वाढते. जोर सोडून द्यावा, डोळे उघडावेत, पाय हलवावेत. हात आपसूक मोकळा होतो. हिल्गार्ड यांनी १९६३ साली संमोहित व्यक्तींना सूचनेला विरोध करण्यास आधीच सांगून पाहिले, आणि अनेकांना तो जमला. स्पॅनोस आणि सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या कामात असे दिसले की गाढ संमोहित व्यक्तीला विरोध करता येतो असे ज्यांना सांगितले होते त्यांनी विरोध केला, आणि येत नाही असे ज्यांना सांगितले होते त्यांना तो अनेकदा जमला नाही. हे वाक्य मी पुस्तिकेत चौकटीत घातले आहे. ‘संमोहनापुढे कोणाचे काही चालत नाही’ असे सांगत फिरणारा माणूस, मग तो रंगमंचावरचा असो किंवा वृत्तान्त लिहिणारा, लोकांची विरोधाची शक्ती प्रत्यक्षात कमी करीत असतो.

रंगमंचावर खरा दबाव प्रेक्षकांचा असतो. गुंफलेले हात सुटणार नाहीत असे सुचवण्याच्या चाचणीत जे सहज वश होतात त्यांनाच वर बोलावले जाते, आणि एकदा वर गेल्यावर शेकडो लोकांच्या देखत ‘मला काही झाले नाही’ म्हणणे बहुतेकांना अवघड जाते. दोन खुर्च्यांवर ताठ आडवे राहण्याचा प्रसिद्ध प्रकार तर निरोगी माणूस संमोहनाशिवायही करू शकतो.

एक कळकळीची सूचना विरोधाच्या भागाच्या शेवटी लिहिली आहे. ‘मला संमोहित करून लुबाडले’ असे सांगणारा माणूस आला तर त्याला ‘तुम्हाला विरोध करता आला असता’ असे ऐकवू नये. घाई, अधिकाराचा आव, भीती, लक्ष विचलित करणे आणि क्वचित गुंगीचे औषध यांनी माणूस हतबल होतो, आणि ते हतबल होणे खरे असते. त्याने संमोहन हे नाव दिले म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही. काय घडले ते क्रमाने विचारावे, आणि गुंगीच्या औषधाची शंका असल्यास वेळ न घालवता वैद्यकीय तपासणी करवावी.

१४ जुलै

सोंगाचा सर्वांत सामान्य प्रकार कोर्टातला नव्हे, उपचाराच्या खोलीतला आहे. समोरच्या व्यक्तीने एवढा वेळ दिला, आता काहीच झाले नाही असे कसे सांगायचे, या संकोचापोटी रुग्ण मान डोलावतो. वेदना कमी करण्यासाठी संमोहन वापरले जाते तेव्हा हा संकोच घातक ठरतो, कारण वेदना सहन करून ‘दुखत नाही’ म्हणणाऱ्याला मिळायला हवे ते औषध मिळत नाही. म्हणून सत्रापूर्वीच सांगावे की काही न जाणवणे हेही योग्य उत्तर आहे, आणि सत्रानंतरची विचारपूस शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने करावी.

स्मृतीविषयी अर्धे पान पुरेसे आहे. संमोहनात आठवलेल्या गोष्टींवरची खात्री वाढते, अचूकपणा त्या प्रमाणात वाढत नाही, आणि संमोहित माणूस खोटेही बोलू शकतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली अशा साक्षीवर कडक बंधने घातली. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या स्वतःच्या अशा साक्षीवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे ठरवले.

२१ जुलै

निरीक्षण-तक्त्याचा अंतिम मसुदा छपाईला दिला. पहिला रकाना पूर्वसमजुतींचा, दुसरा दिलेल्या सूचनेच्या नेमक्या शब्दांचा, तिसरा केवळ दिसलेल्या हालचालींचा, चौथा व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अनुभवाचा, आणि पाचवा कोणी पाहत नसताना काय घडले याचा. तळाशी असलेली ‘खरे / सोंग’ ही चौकट सर्वांच्या संमतीने काढून टाकली आहे. तिच्या जागी एकच ओळ आली: हीच कृती सोंग करणाऱ्याला करता आली असती का?

पाचव्या रकान्यासाठी वीज गेल्याचा देखावा करायचा तर स्वयंसेवकांपासून काही लपवावे लागते, आणि त्यासाठी नीतिसमितीची स्वतंत्र परवानगी लागेल. अर्ज तयार आहे. परवानगी मिळेपर्यंत तो रकाना छापलेला राहील, पण सत्रात भरला जाणार नाही.